विमानतळावरील झडती आणि एक अडकित्ता

गेल्या माघांत आमच्या आत्याबाई पणतूच्या बारशासाठीं बेंगळुरास निघाल्या. वय अठ्ठ्याहत्तर, विमानांत बसण्याचा हा पहिलाच प्रसंग, त्यामुळें घरांत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. आगगाडीच्या प्रवासाची जी तयारी त्या आजवर करीत आल्या तीच त्यांनीं याहि वेळीं केली. बाळाचीं झबलीं-टोपडीं, बाळंतिणीसाठीं डिंकाचे लाडू, सुक्या खोबऱ्याच्या सहा वाट्या आणि स्वतःचा सुपारीचा डबा हें सारें त्यांनीं हातांतल्या पिशवींत आपल्या हातानें भरलें. कारण जें मोलाचें तें हातांवेगळें करूं नये, ही त्यांची जुनी शिकवण. डब्यांत सुपारीबरोबर अडकित्ता होता. पितळी दांड्यांचा, मोराच्या घडणीचा हा अडकित्ता त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचा. सासूबाईंनीं तो त्यांच्या हातीं दिला त्यास पन्नास वर्षें होऊन गेलीं.

विमानतळावर (तो कोणता हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं) क्ष-किरणांच्या यंत्रापाशीं पिशवी थांबली. पहाऱ्यावरील तरुण मुलीनें, उद्धटपणा न करतां परंतु घाईघाईनें, खोबऱ्याच्या वाट्या व अडकित्ता काढून बाजूस ठेविला. "बाळ, हें कां?" असें आत्याबाईंनीं विचारिलें. उत्तर आलें, "नियम आहे, माताजी." मोठी पेटी तोंपर्यंत विमानाकडे गेलेली, पोंचवावयास आलेला आमचा पुतण्या दाराबाहेर, त्यास आंत येण्याची मुभा नाहीं, मागें रांग खोळंबलेली. अडकित्ता तेथल्या टोपलींत पडला आणि आत्याबाई पुढें गेल्या. गंमत अशी, कीं त्यांची लोखंडी टोंकाची काठी तपासून त्यांस परत मिळाली, आणि डिंकाच्या लाडवांत किसून घातलेलें तेंच खोबरें सुखरूप बेंगळुरास पोंचलें.

रात्रीं दूरध्वनीवरून बाळाची हकीकत सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "खोबरें गेलें त्याचें कांहीं नाहीं. पण त्या अडकित्त्यानें मी म्हातारी काय करणार होतें, एवढें मला कोणी तरी सांगा."

या प्रश्नाचें उत्तर देण्याचा यत्न या महिन्याच्या सदरांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विमानाचा प्रवास आतां कांहीं थोड्या श्रीमंतांचा राहिलेला नाहीं. ज्या घरांतील एक मुलगा परदेशीं व एक मुलगी दूरच्या शहरीं आहे, अशा घरांतील वडीलधाऱ्यांस वर्षाकाठीं एकदां तरी या झडतींतून जावें लागतें. तेव्हां हे नियम योग्य आहेत कीं अयोग्य, याचा विचार घरांतच झालेला बरा. दोन उत्तरें अगदीं तयार असतात. सरकारनें केलें तें योग्यच असलें पाहिजे, हें एक. सारेंच थोतांड आहे, हें दुसरें. दोन्हीहि उत्तरें विचाराचे श्रम वांचविणारीं आहेत, म्हणून तीं आम्ही बाजूस ठेवतों.

प्रथम हे नियम आले कोठून तें पाहूं. निषिद्ध वस्तूंची यादी वाचतांना ती कोणा कारकुनानें बसल्या बसल्या केली असावी असें वाटतें. परंतु तिच्यांतील बहुतेक कलमांमागें एखादा दिवस आहे. ३० जानेवारी १९७१ रोजीं श्रीनगराहून जम्मूस जाणारें 'गंगा' नांवाचें आपलें विमान दोघां तरुणांनीं लाहोरास पळवून नेलें. त्यांच्या हातांतील पिस्तूल खेळण्यांतलें होतें व हातबाँबहि खोटाच होता. त्या खोट्या शस्त्रांच्या धाकानें खरें विमान गेलें, जाळलें गेलें, आणि दोन देशांतील आकाशमार्ग बंद झाले. मुलाच्या हातांतील प्लॅस्टिकचें पिस्तूल पहारेकरी काढून घेतो तेव्हां ज्यांस हंसूं येतें त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. सप्टेंबर १९७६ मध्यें पुन्हां एक विमान पळविलें गेलें. त्याच्या चौकशीसाठीं नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्यें नागरी विमानांच्या सुरक्षिततेचें स्वतंत्र काम पाहणारा विभाग आपल्याकडे सुरू झाला.

पुढें २३ जून १९८५ चा दिवस आला. एअर इंडियाचें 'कनिष्क' विमान कॅनडाहून लंडनमार्गें दिल्लीस येत असतां आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर फुटलें आणि ३२९ माणसें मेलीं. ज्या पेटींत बाँब होता ती पेटी विमानांत चढली होती; परंतु तिचा मालक चढला नव्हता. सामान तपासण्याचें टोरांटो येथील क्ष-किरण यंत्र त्याच दिवशीं बिघडलें होतें. पेटी आहे आणि उतारू नाहीं, असें आज आढळल्यास ती पेटी खालीं उतरवितात व त्यापायीं विमानास तासभर उशीर होतो. त्या तासाबद्दल कुरकुर करतांना या ३२९ जणांची आठवण ठेवणें योग्य होईल. या दुर्घटनेनंतर, १ एप्रिल १९८७ पासून, आपला सुरक्षा विभाग स्वतंत्र खातें झाला. डिसेंबर १९९९ मध्यें काठमांडूहून दिल्लीस निघालेलें विमान कंदाहारास नेण्यांत आलें. एक तरुण उतारू मारला गेला, आणि आठव्या दिवशीं तीन कैदी सोडून देऊन बाकीच्यांस आणावें लागलें. त्यानंतर, २००० सालापासून, विमानतळांवरील पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोंपविण्यास सुरुवात झाली.

पाश्चात्य देशांतील कथाहि अशीच आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेंत चार विमानें पळविणाऱ्यांनीं लहान पात्यांचा उपयोग केला. चार इंचांहून आखूड पात्याचा चाकू बाळगण्यास तेथील नियमांनीं त्या दिवशीं मुभा होती! त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एकानें जोड्याच्या तळव्यांत स्फोटक लपवून आणलें. म्हणून पुढें जोडे काढणें आलें. १० ऑगस्ट २००६ रोजीं, सरबताच्या बाटल्यांतून स्फोटक द्रव नेऊन अटलांटिकवरील विमानें उडविण्याचा बेत इंग्लंडांत उघडकीस आला. म्हणून परदेशच्या प्रवासांत शंभर मिलिलिटरांची मर्यादा आली, व तिच्या जाळ्यांत पाणी, तेल, मुरंबा, लोणचें, तूप, सारेंच सांपडलें.

आमच्या आत्याबाईंच्या खोबऱ्याचें कारण मात्र शत्रूचें नाहीं, निसर्गाचें आहे. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादींत सुक्या खोबऱ्यास १३६३ हा क्रमांक असून, आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांच्या वर्गांत त्याची गणना केली आहे. खोबऱ्यांत तेल पुष्कळ. त्या तेलाचा हवेशीं संयोग होतो तेव्हां ऊब निर्माण होते. खोबरें दमट असून दाटीवाटीनें रचलेलें असलें तर ती ऊब बाहेर जाण्यास वाट मिळत नाहीं, आणि सांठत सांठत ती आगीपर्यंत जाते. तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोंपऱ्यांत टाकूं नये असें जुनीं माणसें सांगत, त्यांतील तत्त्व हेंच. सहा वाट्यांनीं असें होईल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु यंत्रापाशीं बसलेल्या मनुष्यानें सहा वाट्या व साठ वाट्या यांत रेघ कोठें ओढावी, हा प्रश्न उरतोच.

येथवर वाचून आम्ही केवळ सरकारपक्षाची वकिली करतों असें कोणास वाटेल. तसें नाहीं, दुसऱ्या बाजूचेंहि म्हणणें हलकें नाहीं.

पहिला आक्षेप असा, कीं हे नियम नेहमीं होऊन गेलेली लढाई लढतात. जोड्यांतून धोका आला कीं जोडे, बाटलींतून आला कीं बाटल्या. चोर एका खिडकींतून शिरला म्हणून तेवढीच खिडकी चिणावी तसें हें आहे. ५ सप्टेंबर १९८६ रोजीं मुंबईहून निघून कराचीस उतरलेल्या पॅन ॲमच्या विमानावर जे चढले ते उतारू म्हणून रांगेंतून आलेच नव्हते. सुरक्षा-पहाऱ्याचे कपडे घालून, पहाऱ्याच्या गाडीसारखी गाडी घेऊन ते थेट विमानापाशीं आले. उतारूंची झडती कितीहि कसून घेतली असती तरी त्यास तो उपाय नव्हता. त्या दिवशीं उतारूंस वांचविण्यांत आपले प्राण वेंचणारी नीरजा भनोत हिचें नांव आमच्या वाचकांस सांगावयास नको.

दुसरा आक्षेप, झडती खरोखर कितपत पकडते हा. अमेरिकन सरकारच्याच तपासनीसांनीं वेष पालटून लुटुपुटीचीं शस्त्रें व स्फोटकें नेऊन पाहिलीं. २०१५ सालीं बाहेर आलेल्या हकीकतीप्रमाणें सत्तर वेळांपैकीं सदुसष्ट वेळां तीं पार गेलीं. तिसरा आक्षेप विसंगतीचा. अडकित्ता नको, परंतु झडतीच्या पलीकडे मांडलेल्या दुकानांतून काचेची बाटली विकत घेऊन परदेशच्या विमानांत खुशाल चढावें. फुटलेली काच अडकित्त्याहून कमी तीक्ष्ण असते काय? आणि चौथा, कीं २००१ नंतर वैमानिकाच्या कक्षाचें दार भक्कम करून आंतून बंद ठेवतात, व आतां उतारूहि स्वस्थ बसणार नाहींत. तेव्हां अडकित्त्यानें विमान पळविण्याचे दिवस गेले.

या चारांपैकीं पहिल्या तिहींस उत्तर असें, कीं अपुरा उपाय म्हणजे निरुपयोगी उपाय नव्हे. घराच्या कुलुपानें अट्टल चोर थांबत नाहीं. तरी कोणी कुलूप लावावयाचें सोडीत नाहीं. जो बेत चार माणसांत सहज शिजला असता त्यास झडतीमुळें अधिक माणसें, अधिक कौशल्य व अधिक वेळ लागतो, आणि बेत लांबला कीं तो फुटण्याचा संभव वाढतो. २००६ चा बेत विमानतळावर नव्हे, तर पोलिसांच्या पाळतीनें उघडकीस आला, हें खरें. परंतु त्या मंडळींस सरबताच्या बाटल्यांचा खटाटोप करावा लागला तो उघडपणें बाँब नेणें अशक्य झालें होतें म्हणूनच.

चौथा आक्षेप मात्र आमच्या अडकित्त्याशीं थेट भिडतो. आणि त्याचें जें उत्तर आम्हांस सांपडलें तें आम्हीं स्वतःहि पूर्वीं लक्षांत घेतलें नव्हतें. मार्च २०१३ मध्यें अमेरिकन सुरक्षा खात्यानें असाच विचार करून, सहा सेंटिमीटरपर्यंतच्या पात्याचे चाकू विमानांत नेऊं द्यावे असें ठरविलें. दार भक्कम आहे, विमान पळविलें जाणार नाहीं, मग शोधकांचा वेळ स्फोटकांच्या शोधासाठीं कां वांचवूं नये? युक्तिवाद चोख होता. त्यास आडव्या आल्या त्या विमानांतील परिचारिका व सेवक. त्यांचें म्हणणें इतकेंच, कीं दार भक्कम झालें तें वैमानिकासाठीं. आम्ही दाराच्या अलीकडे आहों. मद्यानें वा संतापानें भान सुटलेला उतारू त्यांस नित्य भेटतो, आणि तीस हजार फुटांवर पोलिसास हांक मारतां येत नाहीं. जून २०१३ मध्यें तो विचार सोडून देण्यांत आला.

हेंच आत्याबाईंच्या प्रश्नाचें उत्तर. त्या अडकित्त्यानें आपण कांहींच करणार नव्हतां, हें त्या पहाऱ्यावरील मुलीसहि ठाऊक होतें. परंतु विमानांत शिरलेला अडकित्ता एका हातांतच राहील, शेजारच्या रागीट हातांत जाणार नाहीं, याची हमी आपण कशी देणार? जी मुलगी पाण्याचा पेला घेऊन आपल्याजवळ आली तिच्यासाठीं तो अडकित्ता खालीं राहिला. आणि काठी वर गेली, कारण काठीवांचून आपणांस चालतां येत नाहीं. ज्या वस्तूवांचून चालत नाहीं तिचा धोका पत्करावा, जिच्यावांचून तीन तास निभतें तिचा पत्करूं नये. या रेघेंत आम्हांस तरी अन्याय दिसत नाहीं. म्हणून अडकित्त्याचा नियम आमच्या मतें योग्य आहे.

परंतु सगळे नियम असे टिकत नाहींत, हें त्यांच्या कर्त्यांनींच कृतीनें मान्य केलें आहे. हातांतील पिशवीस चिठ्ठी बांधून तीवर शिक्का मारून घेण्याची आपल्या विमानतळांवरील रीत वाचकांस आठवत असेल. शिक्का राहिला म्हणून विमानाच्या दारापासून उतारूंस परत धांवतांना आम्हीं पाहिलें आहे. एप्रिल २०१७ पासून मुंबई, दिल्ली यांसारख्या मोठ्या विमानतळांवर तो बंद झाला, आणि विमानें पूर्वीप्रमाणेंच उडत राहिलीं. अमेरिकेनें २००५ सालीं काडी ओढण्याचे लायटर बंद केले व २००७ सालीं पुन्हां सोडले. सर्वांनीं जोडे काढण्याचा तेथील नियम ऑगस्ट २००६ पासून जुलै २०२५ पर्यंत, म्हणजे जवळ जवळ एकोणीस वर्षें, चालून संपला. बाटलींतील द्रव उघडून न पाहतां पारखणारीं नवीं यंत्रें आल्यावर युरोपांतील कांहीं विमानतळांनीं शंभर मिलिलिटरांची अट सैल केली. १ सप्टेंबर २०२४ पासून ती पुन्हां आवळली. आणि जुलै २०२५ मध्यें एडिंबरोसारख्या विमानतळावर दोन लिटरांची बाटली चालूं लागली. एका विमानतळावरचें पाप दुसऱ्या विमानतळावर पाप राहात नाहीं, तेव्हां सामान्य माणसाची श्रद्धा डळमळली तर दोष सर्वस्वीं त्याचा नव्हे.

तसेंच नियमास अपवादहि होऊं शकतात, आणि ते विचारपूर्वक होतात. शीख उतारूंस देशांतर्गत प्रवासांत, आपल्या देशाच्या विमानांतून, सहा इंचांपर्यंतच्या पात्याचें, एकंदर नऊ इंचांहून लांब नसलेलें कृपाण धारण करण्याची मुभा आहे. शबरीमलेच्या यात्रेकरूंस इरुमुडींतील नारळ बरोबर नेतां यावा म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्यें, यंत्रानें व हातानें तपासण्याच्या अटीवर, २० जानेवारी २०२५ पर्यंत सवलत देण्यांत आली. म्हणजे रीतसर मागणी करणारा कोणी असेल, आणि धोका आंवरण्याची दुसरी वाट असेल, तर नियम वांकतो. जो नियम असा वांकूं शकतो तो केवळ हट्ट नव्हे, हें यावरून कळतें.

मग आमची तक्रार कशाविषयीं? ती एका शब्दाविषयीं आहे: "नियम आहे."

हे शब्द आमच्या वाचकांच्या कानांस नवे नसावेत. आमच्या लहानपणींच्या स्वयंपाकघरांत नियमांस तोटा नव्हता. लोणच्याच्या बरणीस ओला हात लावूं नये; अमुक वस्त्रानें चुलीपाशीं जाऊं नये; अमक्या दिवशीं अमक्यानें अमुक खाऊं नये. नव्या सुनेनें "कां?" म्हटलें कीं "आपल्या घरचा नियम आहे" एवढ्यावर संभाषण संपे. आत्याबाई स्वतःहि हें वाक्य पुष्कळ वेळां बोलल्या आहेत, व तें त्या नाकारीत नाहींत. या नियमांत तीन जातींचे नियम एकत्र नांदत होते. कांहींस खरें कारण होतें: पाण्याचा थेंब गेला कीं लोणच्यास बुरशी येते. कांहींस एके काळीं कारण होतें, तें मागाहून नाहींसें झालें. आणि कांहींस कधींच कारण नव्हतें. त्यांचा भार मात्र घरांतील सर्वांत दुबळ्या माणसावर, विधवेवर व सुनेवर पडत गेला. तिन्ही जातींवर एकच शिक्का: नियम आहे. परिणाम काय झाला तो आपण पाहिलाच. पुढची पिढी उठली तेव्हां तिला कोणता नियम कोणत्या जातीचा हें ओळखण्याचें साधन आम्हीं ठेवलें नव्हतें. तिनें सगळेच झुगारले, आणि कित्येक घरांत लोणचींहि नासलीं!

विमानतळावर नेमकें हेंच होत आहे, आणि तेथें लोणच्याहून मोठें कांहीं नासूं शकतें. आमच्या एका भाच्यानें, एवढा सुशिक्षित असून, यंत्रापाशीं पिशवी उघडावी लागूं नये म्हणून आपली पॉवर बँक धोतरांत गुंडाळून मोठ्या पेटींत घालून पाठविली व आपल्या हुशारीची गोष्ट घरीं हंसत हंसत सांगितली. शिक्क्याचा नियम जसा पोकळ होता तसाच हाहि असेल, अशी त्याची समजूत. वस्तुतः हा नियम साऱ्या यादींतील अत्यंत सकारण नियमांपैकीं एक आहे. लिथियमच्या घटांत दोष निर्माण झाला तर तो आपल्याच उष्णतेनें पेटत जातो. असा घट माणसांत पेटला तर त्यावर पाणी ओतणारे हात जवळ असतात. विमानाच्या पोटांत पेटला तर तेथें कोणी नसतें. सप्टेंबर २०१० मध्यें दुबईजवळ एक मालवाहू विमान अशाच घटांचा मोठा सांठा असलेल्या मालास आग लागून पडलें व दोन्ही वैमानिक मेले. २८ जानेवारी २०२५ रोजीं दक्षिण कोरियांतील गिमहे येथें उड्डाणापूर्वीं एका प्रवासी विमानाच्या आंत, डोक्यावरच्या फळीवरील सामानांत आग लागली व विमान जळालें; विमान जमिनीवर होतें म्हणून सर्व माणसें बाहेर पडलीं. भाच्यास हें समजावून सांगितलें तेव्हां त्याचें हंसूं मावळलें. पण तें त्यास आम्हीं सांगितलें. ज्यांनीं नियम केला त्यांनीं नव्हे.

कारण न सांगितलेल्या नियमाचा खरा तोटा हा आहे. तो मोडणारा मनुष्य दुष्ट असतो असें नाहीं. पोकळ नियमांच्या अनुभवानें तो भरीव नियमहि हलके लेखूं लागतो.

याच्याच जोडीस एक दुसरी गोष्ट आहे, ती मानाची. सुप्रसिद्ध नर्तकी सुधा चंद्रन यांनीं कृत्रिम पायावर उभें राहून नृत्यांत नांव मिळविलें. विमानतळावर आपणांस दर वेळीं तो पाय काढून दाखवावा लागतो, असें त्यांनीं ऑक्टोबर २०२१ मध्यें जाहीरपणें सांगितलें. स्फोटकाचा अंश हुंगणाऱ्या यंत्रानें तो तपासावा एवढीच त्यांची विनंति होती. सुरक्षा दलानें त्यांच्यापाशीं दिलगिरी व्यक्त केली, हें त्या दलास भूषणावह आहे. परंतु ज्यांचें नांव कोणास ठाऊक नाहीं अशा किती जणांनीं गुडघ्यांतील धातूच्या वाटीपायीं मुकाट्यानें हें सोसलें असेल? स्त्रियांची झडती स्त्रियांनींच व पडद्याआड घ्यावी, ही जी रीत आपल्याकडे आहे ती उत्तम आहे. तिच्या मागचें तत्त्व वृद्ध व अपंग यांनाहि लागू व्हावें.

तेव्हां आमची मागणी नियम सैल करण्याची नाहीं. ती तीन गोष्टींची आहे. पहिली, यंत्रापाशीं केवळ चित्रांवर तांबडी रेघ न ओढतां, प्रत्येक वस्तूपुढें तिचें कारण एका ओळींत, त्या त्या प्रांताच्या भाषेंत लिहावें. ज्या कलमाचें कारण एका ओळींत लिहितां येत नसेल तें कलमच पुन्हां तपासावें. दर वर्षीं अशी छाननी होऊन निकाल प्रसिद्ध व्हावा. दुसरी, काढून घेतलेली निरुपद्रवी वस्तु खर्च घेऊन उतारूच्या घरीं टपालानें पाठविण्याची अथवा परतीपर्यंत जपून ठेवण्याची सोय प्रत्येक विमानतळावर, दिसेल अशा जागीं असावी. नियमाचा हेतु अडकित्ता विमानांत जाऊं नये एवढाच आहे. तो घराण्यांतून जावा असा नाहीं. तिसरी, रांग कितीहि मोठी असली तरी वृद्ध मनुष्याच्या "कां?" या प्रश्नास एक वाक्याचें उत्तर देण्याचें शिक्षण पहारेकऱ्यांस मिळावें.

आणि आमच्या घरांनींहि आपला वांटा उचलावा. वडीलधाऱ्यांची पिशवी आदल्या रात्रीं त्यांच्यासमक्ष, त्यांच्या संमतीनें पाहावी; त्यांच्या मागें गुपचूप वस्तु काढूं नयेत. अडकित्ता, कात्री, विळी, सुरी मोठ्या पेटींत. पॉवर बँक हातांतल्या पिशवींत, कधींहि पेटींत नव्हे. वीस हजार मिलिअँपिअर-तासांची म्हणून जी विकतात ती सुमारें चौऱ्याहत्तर वॉट-तासांची असते व शंभर वॉट-तासांपर्यंत ती सर्वसाधारणपणें चालते. सुकें खोबरें घरीं ठेवावें. तें बहुतेक गांवीं मिळतें. परदेशीं जातांना तूप-लोणचें पेटींत, घट्ट बांधून. आणि वंशपरंपरेची वस्तु, शक्य तर, प्रवासास काढूंच नये.

बारसें आटोपून आत्याबाई परत आल्यावर आम्हीं त्यांस वरील सारी हकीकत वाचून दाखविली. परिचारिकांचा भाग आला तेव्हां त्यांनीं हातानें थांबवून तो पुन्हां वाचावयास लाविला. नंतर म्हणाल्या, "असें होय! एवढेंच त्या मुलीनें सांगितलें असतें तर मीं आपण होऊन काढून दिला असता." घरांत आतां नवा, पोलादी अडकित्ता आला आहे. सुपारी तो चांगली कातरतो. मोराच्या अडकित्त्याची चौकशी करण्यासाठीं आम्हीं दोन पत्रें लिहिलीं. त्यांस अद्याप उत्तर नाहीं.